फाटकाबाहेरचा ठेका

ग्कोम, म्हणजे आमच्या डरबनचं धडधडतं नाचगाणं, हे संगीत नसून पदार्थविज्ञान आहे, असं मी भेकीच्या टॅक्सीत बोलले नसते, तर माझं लग्न सरळ ठरलं असतं.

शनिवार सकाळ होती. टॅक्सी, म्हणजे आमच्याकडची पंधराएक उतारूंची छोटी बस, आमच्या उमलाझी वस्तीहून डरबन शहरात निघाली होती आणि मागच्या बाकाखालचा स्पीकर इतका दणदणत होता की खिडक्यांच्या काचा चौकटीत नाचत होत्या. शेजारच्या बाईंनी नुसतं कपाळाला हात लावला. तेवढ्यावरून मी त्यांना समजावायला घेतलं. "काही नाही हो त्यात. पन्नास हर्ट्झच्या खालची एक लाट आणि वर तुटक ठेका. घरी कॉम्प्युटर असेल तर कुणीही करेल."

मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याची मला खोड आहे, असं वांडिलेचं मत आहे. वांडिले म्हणजे माझा होणारा नवरा. त्याचं हे मत मी कधीच विचारलं नव्हतं.

भेकीनं आवाज बारीक केला. भेकी आवाज बारीक करतो तो फक्त रस्त्यात प्रेतयात्रा आडवी आली तर. आरशातून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "ताई, कुणीही म्हणजे कोण? तू?"

"मीसुद्धा."

"मग आण की करून. वाजवतो."

अख्खी टॅक्सी माझ्याकडे वळून बघत होती. आमच्याकडे गाण्याचा निकाल टॅक्सीत लागतो. उतारूंचा थांबा चुकला तर गाणं पास. थांब्याच्या आधीच उतरून चालायला लागले तर नापास. भरलेल्या टॅक्सीत दिलेला शब्द मागे घेता येत नाही. मी घरी आले आणि बाबांचा कॉम्प्युटर मागितला.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा कॉम्प्युटर खरं म्हणजे उमलाझीतल्या आमच्या व्ही सेक्शनमधल्या मृतांचा. वस्तीत कुणी गेलं की अंत्यविधीची पत्रिका बाबा जुळवतात: वर फोटो, खाली जीवनचरित्र, मागे भजनं. "कामात खंड पडता कामा नये," एवढ्या अटीवर त्यांनी तो मला दिला आणि मी तो गॅरेजात हलवला. आमच्या गॅरेजनं आजवर गाडी पाहिलेली नाही. त्याची एक भिंत रस्त्याच्या फाटकाला लागून आहे. ही भिंत लक्षात ठेवा.

संगीत जुळवायचा प्रोग्रॅम मी फुकट उतरवून घेतला. फुकट आवृत्तीत सगळं करता येतं. काम साठवताही येतं. फक्त एकदा बंद केलेलं काम पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे जन्माला परवानगी, पुनर्जन्माला पैसे. मी ठरवलं की कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. भारनियमनात वीज जाणार, म्हणून प्रयोगशाळेतून भंगारात निघालेली एक बॅटरी आणून जोडली. मोबाईल जवळ असला की जुने स्पीकर भुंग्यासारखे गुणगुणत, म्हणून तो बंद करून स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागले. याउप्पर अडचण येण्यासारखं काही उरलं आहे, असं मला वाटलं नाही. प्रयोगाची आखणी करताना मला ते कधीच वाटत नाही.

पुढचे काही दिवस बाबा मृतांच्या पत्रिका माझ्या ठेक्यावर टाइप करत होते. "दुःखद निधनाची वार्ता कळवताना" हे शब्द त्यांची बोटं ठेक्यात बडवत, आणि लक्षात आलं की ओशाळून थांबत.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या माखुमालो सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वतःच्या फाटकात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. त्यांच्या नजरेतून आमच्या घरचं दूधसुद्धा सुटत नाही. त्या रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "भिंतींना अंड्यांचे ट्रे लाव. माझ्या बहिणीचा मुलगा लावतो. आवाज आतल्या आत जिरतो." शेजारचे चर्चचे डीकन म्हणाले की ट्रे काही कामाचे नाहीत, जाड ब्लँकेटं टांगायला हवीत. पलीकडच्या गल्लीतल्या एकानं तर स्पीकर पत्र्याच्या घंगाळात ठेवायला सांगितलं. त्यानं खर्ज म्हणे 'पोटातून' येतो. मी तिन्ही करून पाहिलं. घंगाळातून खर्ज आला तो घंगाळाचाच. ट्रेचं म्हणाल, तर मी प्रयोगशाळेतून ध्वनिमापक आणून मोजलं. लावण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक मापकाच्या चुकीपेक्षाही लहान निघाला. पण तोवर ट्रे मिळवायला आईनं इतकी अंडी आणून ठेवली होती की आम्ही पुथूशी, म्हणजे मक्याच्या उकडीशी अंडी, पावाशी अंडी आणि भाताशी अंडी खात होतो. बाबा जेवताना माझ्याकडे बघतच नसत.

पहिला तुकडा घेऊन मी भेकीकडे गेले. त्यात प्रत्येक कंपनसंख्या काटेकोर होती. भेकीनं तो लावला. थोड्या वेळानं पुढच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, गाडीखाली काही तुटलंय का?"

आणि भेकीनं, माझा अपमान करण्याच्या शुद्ध हेतूनं, टॅक्सी कडेला घेऊन बॉनेट उघडून पाहिलं.

परत बसताना तो म्हणाला, "ताई, इंजिन ठीक आहे. गाण्यात कुणी राहत नाही. माणूस घाल त्यात."

"कसला माणूस?"

"ओरडणारा."

माणूस दुसऱ्याच दिवशी आपणहून आला, आणि तोही वांडिलेच्या मोबाईलवरून.

महिनाअखेरच्या शनिवारी वांडिलेच्या घरचे माझी मागणी घालायला येणार होते. आमच्यात मुलाकडचे मध्यस्थ भल्या सकाळी मुलीच्या फाटकाबाहेर उभे राहतात आणि तिच्या कुळाची बिरुदं मोठ्यानं पुकारतात. आम्ही म्थेम्बू. तेव्हा सुरुवात "म्वेलासे! कुदेनी!" अशी, आणि मग पिढ्यान् पिढ्या खाली आजोबा-पणजोबांपर्यंत. घरातल्यांनी लगेच उघडायचं नाही. मुलगी काही रस्त्यावर पडलेली नाही, हे समजण्याइतका वेळ त्यांना ताटकळत ठेवायचं. बिरुद चुकलं तर दंड. उशीर झाला तरी दंड, बहुधा शेळीचा. मुलानं त्या दिवशी आसपास दिसायचं नाही आणि मुलीनं खोलीबाहेर पडायचं नाही. मोठ्या माणसांनी एकमेकांना फोन करणं तर अगदीच हलकेपणाचं.

वांडिलेचं घराणं झुंगू. त्यांच्याकडचे मुख्य मध्यस्थ म्हणजे त्याचे फिलेमोनकाका. लॅमाँटव्हिलच्या मैदानावर त्यांनी आयुष्यभर फुटबॉलचे सामने कर्ण्याशिवाय पुकारले. वांडिलेनं त्यांचा आवाज मुद्रित करून पाठवला. सोबत निरोप: "काका पाठ करतायत. बरोबर आहे ना बघ. तुमच्याकडचे एनॉककाका एका चुकीला एक शेळी लावतील."

मी ऐकलं. सगळं बरोबर होतं. पण दुसऱ्यांदा ऐकलं ते बरोबर आहे का हे बघायला नव्हे. तो आवाज दगडी रस्त्यावरून पिंप गडगडत यावं तसा येत होता. मी सुरुवातीचं "म्वेलासे! कुदेनी!" एवढंच कापलं आणि माझ्या ठेक्यात तिसऱ्या ठोक्यावर ठेवलं. घंगाळ थरथरलं. गाण्यात माणूस राहायला आला होता. वांडिलेला मी काहीच कळवलं नाही. लग्नात ऐकवून त्याला चकित करायचं होतं.

मी चोख मुलगी. गाणं टॅक्सीत देण्याआधी ते रीतसर नोंदवावं म्हणून शहरातल्या एका हक्कनोंदणी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "शब्द आहेत?"

"दोन."

"कुणी लिहिले?"

"कुणी लिहिले नाहीत. कुळाची बिरुदं आहेत. पूर्वजांपासून चालत आलीत."

"पूर्वजांचं नाव?"

"तेच तर बिरुद आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, शब्दांचा कर्ता हयात असेल तर त्याची सही लागते. हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती."

"वारस म्हणजे अख्खे म्थेम्बू! लाखभर तरी असतील."

"मग सगळ्यांची आण," त्या शांतपणे म्हणाल्या. "आम्ही चारपर्यंत उघडे असतो."

मी नोंदणीविनाच गाणं भेकीला दिलं. आठवड्याभरात उतारूंचे थांबे चुकायला लागले. ज्या आजींना गाडीखाली काही तुटल्यासारखं वाटलं होतं, त्या म्हणे शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच टॅक्सीनं परत आल्या. मला अर्थातच समाधान नव्हतं. खर्ज अजून किंचित गढूळ होता. पाण्याच्या नमुन्यात चालत नाही ते गाण्यात का चालवून घ्यावं? मी सुधारणा करत राहिले, आणि गॅरेजातून सकाळ-संध्याकाळ फिलेमोनकाका गर्जत राहिले, "म्वेलासे! कुदेनी! म्वेलासे! कुदेनी!"

कुळाच्या नावानं कुणी हाक मारली की उत्तर द्यायचं, हे आमच्या हाडात असतं. पहिले दोन दिवस बाबा प्रत्येक हाकेला "येबो!", म्हणजे "हो!", असं उत्तर देत होते. पेपर वाचता वाचता येबो, दाढी करता करता येबो. तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला आणि त्यांनी ते सोडून दिलं. आई म्हणाली, "तुझे पूर्वज कोंडलेत गं गॅरेजात. सोड त्यांना." मग तिलाही ऐकू येईनासं झालं. एकच उत्तेजना पुन्हा पुन्हा मिळाली की मेंदू तिच्याकडे काणाडोळा करतो. याला विज्ञानात नाव आहे. ते मी जेवताना सगळ्यांना सांगितलंही होतं. तेही कुणी ऐकलं नाही.

मागणीच्या आदल्या संध्याकाळी म्सिंगाहून एनॉककाका आले. बाबांचे थोरले भाऊ, हातात काठी, रीतीभातीला कडक. चहाचा कप तोंडाला लावतात तोच, "म्वेलासे!" काका काठी घेऊन ताडकन उठले. "आदल्या दिवशीच आले? काय ही घाई!"

"बसा दादा," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटर आहे तो."

काका बसले. पुन्हा उठले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी कप आदळला. "आमच्या बापजाद्यांची नावं यंत्राच्या तोंडी! आता कुणीही ओरडू दे, मी या खुर्चीतून हलणार नाही." एनॉककाका शब्दाचे पक्के आहेत.

शनिवारी पहाटेपासून घर वाफाळत होतं. स्कोन्स भाजले जात होते, जिंजर बिअरच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. थांडेकाआत्यानं मला गॅरेजात बसवलं. "बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही." मग शहाणपणा केला तो मी. म्हटलं, आज पाहुणे येणार, आज तरी घराला त्रास नको. म्हणून मैत्रिणीकडून मागून आणलेले मोठे हेडफोन कानांवर चढवले, स्पीकर बंद केले आणि त्या गढूळ खर्जाच्या मागे लागले. महिनाभरात आमचं गॅरेज त्या एकाच दिवशी गप्प होतं.

सातला पाच कमी असताना फाटकाबाहेर, माझ्या भिंतीपासून दोन हातांवर, फिलेमोनकाकांनी छाती भरून घेतली. "म्वेलासे! कुदेनी!"

घरात आई म्हणाली, "आजच्या दिवशी तरी या पोरीनं!"

थांडेकाआत्या येऊन गॅरेजचं दार ठोठावून गेली. दाराला आतून ट्रे होते, ट्रेवर ब्लँकेट होतं आणि त्याआड हेडफोन घातलेली मी. आत्या परत जाऊन म्हणाली, "उघडत नाहीये. रडत असेल. रडतात गं मुली अशा दिवशी. असू दे वाजत."

"म्वेलासे! कुदेनी!" काकांचा घसा तापत चालला होता. पुढची बिरुदं त्यांनी म्हटली नाहीत, कारण आतून एखादी खोकल्याची, पावलांची चाहूल लागल्याशिवाय पुढं जायचं नसतं.

साडेसातला एनॉककाकांनी घड्याळ पाहिलं. "उशीर. एक शेळी." आठला म्हणाले, "दोन." नऊ वाजेपर्यंत झुंगूंच्या नावावर एक लहानसा कळप झाला होता आणि आई खिडकीशी येरझाऱ्या घालत होती. "येतील ना हो? की मन फिरलं त्यांचं?" आमच्या कुंपणाची भिंत उंच आहे. खिडकीतून फक्त माखुमालोंचं छप्पर दिसतं.

माखुमालो त्या छपराखाली, आपल्या फाटकात, शेंगा सोलत सगळं बघत होत्या. चार पोक्त माणसं कोट घालून उन्हात उभी. मध्येच त्यांनी आपणहून सल्ला दिला, "जरा मोठ्यानं ओरडा. म्थेम्बू कडक आहेत."

साडेनऊला फिलेमोनकाकांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली आणि ते चौघे चालू पडले. वांडिले त्यांना कोपऱ्यावर सोडून रीतीप्रमाणे केव्हाच पसार झाला होता. तेव्हा ते मुख्य रस्त्यावर गेले आणि त्यांनी टॅक्सीला हात केला.

शेंगा संपवून माखुमालो आमच्याकडे आल्या, त्या बाबांचे दोन्ही हात हातात घेऊनच. "म्वेलासे, याला म्हणतात घराणं! आमच्या वेळी तासभर उभं करायचे. पण परत पाठवायची छाती कुणाची झाली नाही."

"कुणाला परत पाठवायची?" बाबांनी विचारलं.

"झुंगूंना! काय आवाज होता हो त्या म्हाताऱ्याचा. अगदी तुमच्या फिंडिलेच्या गाण्यातल्यासारखा."

आईनं एनॉककाकांच्या हातातलं घड्याळच काढून घेतलं, असं आत्या सांगते. नेमकी तेव्हाच वीज गेली. माझ्या भंगार बॅटरीनं दोनदा टिटटिट केलं आणि पडदा काळा झाला. महिन्याभराचं काम, पुनर्जन्म नसलेलं. मी हेडफोन फेकले, सगळी रीत विसरले आणि बैठकीच्या खोलीत जाऊन किंचाळले, "गेलं! सगळं गेलं!"

आईनं मला जवळ घेतलं. "कळलं वाटतं तिला," ती आत्याला म्हणाली, आणि आम्ही दोघी दोन वेगळ्या कारणांसाठी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. थोड्या वेळानं माझं कारण तिला कळलं आणि तिचं मला. तेव्हा ती रडायची थांबली आणि मी पुन्हा सुरू केलं.

टॅक्सीतला भाग मला भेकीनं सांगितला. त्यात त्यानं मीठमसाला घातला असेलच, पण टपाला आलेला पोचा मी स्वतः पाहिला आहे. टॅक्सी अर्थात भेकीची होती. चौघे बसले. भेकीनं गाणं लावलं. "म्वेलासे! कुदेनी!" फिलेमोनकाका उभे राहिले आणि त्यांचं डोकं टपाला आपटलं. "हा माझा आवाज आहे!"

"हो, हो," मागची एक मुलगी म्हणाली. "बाबा, गेल्या आठवड्यात आणखी एक जण असंच म्हणत होते."

"पोरी, हा फिलेमोन झुंगूचा आवाज आहे!"

"मग म्हणून दाखवा की."

काकांनी म्हणून दाखवलं. पहिल्या हाकेला टॅक्सी गप्प झाली आणि दुसरीला अख्खी टॅक्सी ओरडली. शहरात पोचेपर्यंत काका चारदा म्हणाले, आणि चौघांचाही उतरायचा थांबा चुकला.

संध्याकाळी मी बिस्किटांच्या डब्यातून मोबाईल काढला. वांडिलेचे न घेतलेले फोन खालपर्यंत सरकतच होते.

"फिंडी, काका म्हणतायत लग्न होणार नाही."

"फाटकाचं ना? अरे, आम्हाला वाटलं..."

"फाटकाचं ते विसरायला तयार आहेत. म्हणाले, कडक घर आहे, चांगलं आहे."

"मग आवाज चोरला म्हणून?"

"त्याचं तर त्यांना भलतंच कौतुक आहे. दुपारपासून त्या टॅक्सीतून तीन फेऱ्या मारून आलेत."

"मग चिडलेत कशावर?"

वांडिलेनं आवाज खाली आणला. "तू त्यांना कापलंस. दोनच बिरुदं ठेवलीस. काका म्हणतात, अख्ख्या उमलाझीला वाटत असेल की फिलेमोन झुंगूला म्थेम्बूंची दोनच नावं पाठ आहेत, म्हणून तेच तेच ओरडत सुटलाय. चाळीस वर्षं पुकारणारा माणूस मी, म्हणतात, आणि सुनेनं मला तोतरा केला."

मी मोबाईल परत बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

आता गेलेल्या मध्यस्थांना परत बोलवायचं कसं? मुलीकडच्यांनी जाऊन विनवण्या केल्या तर मुलीची किंमत जाते, आणि न जावं तर मुलगी घरात राहते. एनॉककाका म्हणाले, "शेळ्या तर त्यांच्याकडेच निघतात," आणि आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी अख्खा कळप जागच्या जागी माफ केला. अखेर माखुमालो गेल्या. शेंगांची पिशवी घेऊन, सहज तिकडून चालल्यासारख्या. आल्या त्या ठराव घेऊनच. इतिहासात पहिल्यांदा दंडाची शेळी मुलीकडच्यांनी द्यायची. गाण्यात सगळी बिरुदं यायला हवीत, पणजोबांसकट. आणि पुढच्या शनिवारी झुंगू पुन्हा येतील.

बाबांनी त्यांच्या बाजूनं एकच अट घातली. भारनियमनाचं वेळापत्रक समोर धरून, मुख्याध्यापकी आवाजात ते म्हणाले, "या शनिवारी आठ ते दहा वीज नाही. त्यांना म्हणावं सव्वाआठला या. त्या वेळी फाटकाशी जो कोणी ओरडेल तो माणूसच असेल."

शनिवार आला. आठ वाजले. वीज गेली नाही. आजवर जी वीज लग्नात, परीक्षेत, दाढ काढताना वेळेवर गेली होती, ती त्या दिवशी गेली नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी बाबांनी खुर्चीवर चढून मुख्य बटण स्वतः खाली ओढलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी हाक आली, "म्वेलासे!" बाबा पायातल्या सपाता सोडून धावले. फाटक उघडलं तर कोपऱ्यावर भेकीची टॅक्सी उभी. आजचा तमाशा बघायला तो स्पीकरसकट आला होता. बाबांनी त्याला काय सुनावलं ते मी लिहीत नाही. ते शाळेत शिकवत नसत. भेकीनं आवाज बंद केला.

सव्वाआठ. "म्वेलासे! कुदेनी!"

हा माणूस होता. ताटकळत ठेवायचं असतं हे बाबांना ठाऊक होतं. एनॉककाकांनी त्यांची बाही धरून ठेवली होती. पण बाबांना गेल्या शनिवारचं ऊन आठवलं असावं. त्यांनी बाही सोडवली, कडी काढली आणि फाटक सताड उघडलं.

फिलेमोनकाकांचं तोंड पुढच्या बिरुदासाठी उघडं होतं ते तसंच राहिलं. मग ते रागानं म्हणाले, "बंद करा! अजून सहा पिढ्या राहिल्यात!"

बाबांनी फाटक बंद केलं. सहा पिढ्या झाल्या. एकही चुकली नाही. एनॉककाका ओठांनी मोजत होते. मग फाटक रीतसर उघडलं, चौघे आत आले, बसले, जिंजर बिअर आली. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायच्या गायींचा विषय निघण्यापूर्वी फिलेमोनकाकांनी मिशी पुसली आणि विचारलं, "सगळं रेकॉर्ड झालं ना?"

बाबा हळूच भिंतीवरच्या मुख्य बटणाकडे बघायला लागले.

काका उठले. टोपी घातली. आईनं स्कोन्सची ताटली दाराशी आडवी धरली. "वीज लावा," काका म्हणाले, आणि बाकीच्या तिघांना घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

बाबांनी बटण वर केलं. आत्यानं गॅरेजचं दार वाजवलं आणि या वेळी मला ते ऐकू आलं. मी माइक फाटकाकडच्या भिंतीवरच्या झरोक्यात ठेवला, ट्रे उपटून फेकले आणि कॉम्प्युटर सुरू केला. बाबांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला जो वेळ घेतो त्यात एक अंत्यविधी उरकतो. बाहेर झुंगू उन्हात उभे. आत बाबा कडीवर हात ठेवून उभे. मुलीकडच्यांनी मध्यस्थांना ताटकळत ठेवायचं असतं. म्थेम्बूंकडून ती रीत अखेर माझ्या कॉम्प्युटरनं पाळली.

पडदा उजळला. मी भिंतीवर दोनदा ठोकलं.

"म्वेलासे!"

आणि हाकेला उत्तर द्यायचं केव्हाच सोडून दिलेले बाबा, फाटकाशी, माइकपासून हातभर अंतरावर, पूर्ण ताकदीनं ओरडले, "येबो!"

ते "येबो" मला पुसता आलं नाही, आणि पुसायचंही नव्हतं. पहिल्या बिरुदापासून पणजोबांपर्यंत प्रत्येक हाकेमागे ते तसंच आहे. भेकीच्या टॅक्सीत आता हाक आली की सगळे उतारू मिळून उत्तर देतात. त्यात काही थोडेच म्थेम्बू असतात. गाण्याच्या अगदी शेवटी एक 'खट्' येतं. लोकांना वाटतं तोही ठेकाच आहे. ती आमच्या फाटकाची कडी. तिची कंपनसंख्या मी अजून मोजलेली नाही.